लेकराचा श्वास कोणी मोजायचा?

मी परिचारिकेचं शिक्षण घेतलं तेव्हा लेकराचा श्वास मोजायला सेकंदकाट्याचं मनगटी घड्याळ आणि स्वतःचे डोळे एवढंच साधन होतं. अंगावरचं पांघरूण बाजूला करायचं आणि पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघायचं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायची मुभा नव्हती, कारण तान्ह्याचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०, हे धोक्याचे आकडे आम्हाला पाठ होते. विदर्भातल्या खामगावच्या आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या आयांना ते माहीत नसत. पण त्या दारातूनच सांगत, "सिस्टर, लेकराचं पोट उडून राह्यलं, डब्बा झाला वाट्टे." 'डब्बा' म्हणजे लेकराला लागलेली धाप. पुष्कळदा तो न्यूमोनियाच निघे.

आईच्या या नजरेला विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, शास्त्राची जोड मिळाली. 'सर्च' या संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच माणसांना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं. त्यामुळे बालमृत्यू घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आला. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दायांसाठी त्यांनी श्वास मोजायचं साधन बनवलं. त्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजायचा. निरक्षर बाईच्या हातात निदान देणारं इतकं नेमकं साधन मी दुसरं पाहिलेलं नाही.

रुग्णालयांत मात्र मोजणी वेगळ्या वाटेनं गेली. १९७२ च्या सुमारास जपानच्या निहोन कोहडेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून हृदयाचं कार्य मोजत होते. नाडीच्या ठोक्यामुळे प्रकाश सारखा कमीजास्त होई आणि मोजमाप बिघडे. आओयागींनी त्या बिघाडाकडेच लक्ष दिलं. ठोक्याबरोबर बदलतो तेवढाच प्रकाश धमनीतल्या रक्ताबद्दल सांगतो, हे त्यांनी ओळखलं आणि १९७४ साली रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरची कल्पना मांडली. आज जगभर लेकरांच्या पायाला लागणारा तो लाल दिवा त्यातूनच आला. एप्रिल २०२० मध्ये आओयागी गेले, तेव्हा करोनामुळे त्यांचं यंत्र घरोघरी पोहोचू लागलं होतं.

या यंत्रानं जीव वाचवले, हे मी रोज पाहिलं. खामगाव चांदीचं गाव. इथल्या बाळांच्या पायात वाळे असतातच. ते उतरवून आईच्या पदरात द्यायचे आणि त्या पायाला प्रोब बांधायचा. छातीवर तीन तारा, त्वचेवर तापमानाची एक, दंडाला रक्तदाबाचा पट्टा. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाची त्वचा इतकी नाजूक, की चिकटपट्टी काढताना सालटं निघे. आणि आई? ती दाराबाहेर. लेकराचे आकडे आता पडद्यावर होते, आणि तिला ते वाचता येत नव्हते.

आईला आत आणायची वाट कोलंबियातल्या बोगोटातून आली. तिथे १९७८ साली डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. आपण तिला कांगारू पद्धत म्हणतो. २०२१ साली भारतासह पाच देशांतला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळाची प्रकृती स्थिर व्हायची वाट न बघता जन्मानंतर लगेच ही ऊब दिली, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होतात, असं त्यात दिसलं. म्हणजे अतिदक्षता विभागातही आई हवीच. पण पाच तारांच्या गुंत्यातून बाळ उचलून तिच्या छातीशी द्यायचं कसं?

अंगावर घालायच्या साधनांचं महत्त्व मला इथे कळलं. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जॉन रॉजर्स यांच्या गटानं २०१९ साली छातीवर एक आणि पावलावर एक अशा दोन मऊ, बिनतारी पट्ट्या शिकागोच्या नवजात अतिदक्षता विभागात नेहमीच्या तारांसोबत तपासल्या. बंगळुरूच्या 'बेंपू' कंपनीनं बाळाच्या मनगटावर बसणारं कडं काढलं. अंग गार पडलं की ते केशरी उजेड दाखवतं आणि वाजतं. ते ऐकून आई बाळाला छातीशी घेते. त्यासाठी तिला अक्षरओळखही लागत नाही. गडचिरोलीच्या लाल मण्यानं जे काम केलं, तेच हे कडं करतं.

आमच्यासारख्या गावाला अशा साधनांची खरी गरज आहे. प्रकृती बिघडली की लेकराला अकोल्याला हलवावं लागतं, आणि ते सुमारे पन्नास किलोमीटर रात्री फार लांब वाटतात. २०१४ पासून १०८ ची गाडी मिळते. तिच्यात आईच्या कुशीतल्या बाळाचे ठोके दिसत राहिले, तर तो प्रवास बदलेल.

पण यंत्रावर डोळे झाकून विसंबायचं नाही. डिसेंबर २०२० मधल्या एका अमेरिकी अभ्यासात मोठ्या माणसांवर असं दिसलं, की रक्तातला घटलेला ऑक्सिजन ऑक्सिमीटरच्या नजरेतून सुटण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. आपली लेकरं सावळी आहेत. म्हणून आकडा चांगला असला तरी ओठ आणि जीभ बघायची, आणि शंका आली की पूर्ण मिनिटभर पोटाकडे बघायचं, हे मी नव्या मुलींना शिकवत आले.

रुग्णालयासाठी अशी साधनं घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. किंमत आणि आकड्यांची अचूकता तपासाच, पण त्याआधी विचारा, हे लावल्यावर आईला लेकरू कुशीत घेता येईल का, आणि धोका तिला स्वतःला ओळखता येईल का? दोन्हींना 'हो' म्हणता आलं तरच ते साधन आमच्या कामाचं.