गिझरचा काटा किती अंशांवर ठेवावा?

जळगाव, प्रतिनिधी

मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या खानदेशात पाणी तापविण्याची चर्चा काहीशी विनोदी वाटेल. परंतु दिवाळी सरली की धुळ्याचे किमान तापमान अनेकदा एक अंकी होते, जळगावही फार मागे नसते. पूर्वी अशा वेळी अंगणात तांब्याचा बंब पेटे आणि पाणी किती तापले, हे हात लावून ठरे. आज ते काम गिझरमधील थर्मोस्टॅट करतो. त्याच्याकडे लक्ष जाते ते मात्र वीजबिल वाढल्यावर किंवा कोणी भाजल्यावर.

थर्मोस्टॅटची रचना साधी आहे. पितळी नळीत उष्णतेने जवळपास न वाढणाऱ्या मिश्रधातूची कांडी असते. पाणी तापले की नळी लांबते, कांडी तेवढीच राहते आणि या फरकाने वीजजोड तुटतो. पाणी काही अंश निवले की तो पुन्हा जुळतो. थर्मोस्टॅट निकामी झाल्यास वीज तोडणारा वेगळा कटआऊट असतो. तो वारंवार तुटत असेल तर बटण दाबून काम भागवू नये, वायरमनला दाखवावे.

काटा किती अंशांवर असावा? जागतिक आरोग्य संघटना साठविलेले गरम पाणी ६० अंश किंवा त्याहून अधिक ठेवण्यास सांगते. कारण न्यूमोनियासारखा गंभीर आजार घडविणारा लिजिओनेला हा जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात वाढतो. १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील साथीनंतर त्याचा शोध लागला. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ६० अंशांचे पाणी अवघ्या पाचेक सेकंदांत प्रौढाची कातडी भाजते, मुलांची त्याहून लवकर. ५० अंशांच्या आसपास हाच अवधी काही मिनिटांचा होतो. म्हणून टाकीत ६० अंश आणि नळाशी मिक्सर, हा योग्य मार्ग होय. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, ही आजीची शिस्त मिक्सर नसलेल्या घरात आजही पाळावी.

विजेचा हिशेबही पाहू. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे १.१६ युनिट वीज लागते, ५० अंशांपर्यंत ०.८७ युनिट. मात्र ६० अंशांच्या पाण्यात गार पाणी मिसळून ४० अंशांचे ५० लिटर मिळते, ५० अंशांच्या पाण्यातून साडेसदतीस लिटरच. म्हणजे बचत काट्यात फारशी नाही. ती गिझर दिवसभर चालू न ठेवण्यात आहे. गिझरवरील तारेदेखील बंद टाकीतून चोवीस तासांत किती उष्णता वाया जाते यावरच दिले जातात.

६० अंशांच्या फार वर मात्र जाऊ नये. पाणी जितके तापेल तितके क्षार अधिक साचतात, आणि बोअरचे पाणी वापरणाऱ्यांना ते क्षार परिचयाचे आहेत. कॉइलवर पांढरा थर चढला की ती जास्त तापून जळते, आणि थर्मोस्टॅटच्या नळीवर चढला की त्याला पाण्याचे तापमान उशिरा कळते.

बटणावर अंशांचे आकडे नसल्यास नळाचे पाणी मोजून पाहावे. तापाचा थर्मामीटर येथे निरुपयोगी, तो ४२ अंशांपर्यंतच मोजतो. काही गिझरमध्ये काटा झाकणाच्या आत असतो. मुख्य स्विच बंद केल्याविना झाकण उघडू नये.

सेफ्टी व्हॉल्व्हबाबत तर विशेष सावधगिरी हवी. २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापताना सुमारे पावणेचारशे मिलिलिटरने फुगते, आणि वाढलेला दाब व्हॉल्व्हमधून थेंबाथेंबाने बाहेर पडतो. प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरी एका प्लंबरने हीच ‘गळती’ बूच ठोकून थांबविली होती. थर्मोस्टॅटही बिघडला असता तर टाकी फुटण्यास दुसरे निमित्त लागले नसते.

गच्चीवर सौर बंब असणाऱ्यांनी त्यातील विजेची कॉइल पहाटे गरजेपुरतीच लावावी. ती दिवसभर चालू राहिल्यास सूर्याला तापवायला पाणीच उरत नाही. उन्हाळ्यात ती बंदच ठेवावी. त्या दिवसांत गच्चीवरील टाकीचे पाणी दुपारी हात पोळते, तेव्हा अनेक घरांत उलटाच प्रयोग चालतो. पहाटे भरलेला बंद गिझर सावलीत असल्याने पाणी त्यातल्या त्यात गार ठेवतो, आणि गार पाण्यासाठी गरम पाण्याचा नळ सोडला जातो.