गुण्या, ओळंबा आणि बिरादरी

गवंडी म्हटला की 'उद्या नक्की येतो' असं सांगून महिनाभर न फिरकणारा इसम आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. अशा माणसाच्या नावाने राजेरजवाडे, न्यायमूर्ती आणि डॉक्टर एक मंडळ चालवतात, हे आमच्या काउंटरवर येणाऱ्या एका वयस्क पारशी गृहस्थांनी मला सांगितलं, तेव्हा मी आधी त्यांची सही पुन्हा ताडून पाहिली. सही बरोबर होती आणि माहितीही. मंडळाचं नाव फ्रीमेसन्स. 'तुम्हीपण या की' असं मात्र ते म्हणाले नाहीत. तिथे आपणहून विचारावं लागतं.

मी कॉमर्सचा पदवीधर. सही करण्याआधी जुनी खाती तपासायची सवय. तेव्हा आधी इतिहास उघडला.

युरोपात मोठमोठी चर्चेस उभी राहत होती, त्या काळी पाथरवट गावोगाव फिरत. कामाजवळ हत्यारं ठेवायला आणि घटकाभर टेकायला एक झोपडी असे. तीच लॉज. खरा कारागीर कोण आणि हौशी कोण हे ओळखायला स्कॉटलंडमध्ये खुणेचा शब्द असे. म्हणजे आमच्या टोकनचाच पूर्वज! पुढे दगडाला कधी हात न लावलेली माणसंही आत शिरली. 1646 साली इलियास अॅशमोल नावाचे पुराणवस्तूंचे अभ्यासक सभासद झाले. 24 जून 1717 रोजी लंडनच्या चार लॉजेसनी एका मद्यालयात ग्रँड लॉज स्थापन केली, अशी परंपरा आहे. हे 1721 साली घडलं, असं हल्ली काही संशोधक म्हणतात. चार वर्षांचा हा फरक आमच्या ऑडिटरने सोडला नसता.

प्रवेशाला सूचक-अनुमोदक लागतात. थोडक्यात, दोन जामीनदार. मग पांढऱ्या-काळ्या गोट्यांनी गुप्त मतदान. नंतर डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोर आणि पँटचा एक पाय गुडघ्यापर्यंत वर. जुलैत लोकल बंद पडली की आम्ही साधारण याच वेशात घरी येतो. दोर गृहकर्जाचा असतो, एवढंच. फारसीत या वास्तूला फरामोशखाना म्हणत, म्हणजे विसरण्याचं घर. आतलं बाहेर सांगायचं नाही. शिवाय आत राजकारण आणि धर्म यांवर चर्चा बंद! मराठी माणसाने मग बोलायचं तरी काय?

"म्हणजे पुरुषांची भिशीच की!" सौभाग्यवतींनी निकाल दिला. बायकांना तिथे आजही प्रवेश नाही, हे मी हळू आवाजात सांगितलं.

पण हेतू भिशीपेक्षा मोठा आहे. गवंड्याची हत्यारं इथे शिकवणीला असतात. गुण्या सांगतो, वागणं काटकोनात ठेव. ओळंबा सांगतो, ताठ उभा राहा. पाणसळ सांगते, सगळी माणसं एका पातळीवर.

नेमकी हीच पाणसळ हिंदुस्थानात येताना बोटीत हलली. मुंबईचे माणेकजी करसेटजी पॅरिसला जाऊन दीक्षा घेऊन आले, तरी मुंबईतल्या इंग्रजांच्या लॉजमध्ये त्यांना जागा मिळेना. अखेर डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉट गृहस्थांनी 1843 साली 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज काढून एतद्देशीयांना दार उघडलं. त्यांचा सख्खा भाऊ अलेक्झांडर दोनच वर्षांपूर्वी काबूलमध्ये मारला गेला होता. तरीही त्यांना परक्याला 'बंधू' म्हणावंसं वाटलं, हे मला त्या सगळ्या गुपितांपेक्षा मोठं वाटतं.

कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांनी 1863 साली अर्ज केला. हिंदूंचे देव अनेक, आणि मंडळाची अट एका परमेश्वरावर श्रद्धा असण्याची! विश्वाचा 'महान स्थापत्यकार' ही त्यांची कल्पना. अहो, आमचा विश्वकर्मा काय तिकीट काढून बसला होता? दत्तबाबू 1872 साली आत गेले.

1961 साली भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज झाली. आता तिथे गीता, कुराण, बायबल, ग्रंथसाहेब, अवेस्ता असे ग्रंथ शेजारी शेजारी असतात. एवढ्यासाठी तरी तो दोर गळ्यात घालावा असं वाटतं.

माझ्या अर्जाचं म्हणाल तर विचार चालू आहे. दत्तबाबूंना नऊ वर्षं लागली. आणि आमच्या घरची काळी गोटी तर अजून हातातच आहे.