गव्हामागून जाणारी माणसे

दरवर्षी मार्च उजाडला की माळव्याच्या रस्त्यांवर पंजाबकडील कापणी-मळणी यंत्रांचे तांडे दिसू लागतात. येथील गहू आधी पिकतो. तो उरकून वैशाखीच्या सुमारास ही मंडळी आपल्या मुलखात परततात. पिकाच्या मागोमाग हिंडून मोलाने सुगी करून देण्याचा हा व्यवसाय आम्हांस नवा वाटतो. परंतु अमेरिकेच्या मध्यवर्ती मैदानांत तो पुष्कळ जुना आहे.

तेथे टेक्सासकडे गहू जूनच्या आगेमागे पिकतो, आणि पिकण्याची ही लाट उत्तरेकडे सरकत डाकोटात पोहोचेपर्यंत ऑगस्ट उजाडतो. एकेका ठिकाणी सोंगणीस दिवस थोडे. त्यात गारपीट झाली तर उभे पीक गेलेच. ही घाई हेच भूमिहीन मजुराचे भांडवल होते. वळकटी पाठीवर टाकून, मालगाड्यांतून विनातिकीट प्रवास करीत हजारो लोक गव्हामागून जात. गरजेहून अधिक हात जमले की मजुरी पडे. म्हणून एप्रिल 1915 मध्ये कॅन्सास सिटी येथे त्यांनी संघटना उभारली. दहा तासांस किमान 3 डॉलर, जादा कामास तासाला 50 सेंट, चांगले अन्न आणि निजावयास स्वच्छ जागा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. या शेवटच्या कलमापाशी आम्ही थबकतो. ज्याच्या श्रमाने कोठारे भरली, त्याला निजण्याची जागा मागून घ्यावी लागत होती!

सप्टेंबर 1917 मध्ये सरकारने या चळवळीच्या कचेऱ्यांवर देशभर छापे घातले. तरीही मजुरांचा खरा पाडाव पोलिसांनी केला असे आम्हांस वाटत नाही. तो 1920 नंतर पसरलेल्या यंत्राने केला. कापणी आणि मळणी एकाच फेरीत होऊ लागल्यावर पेंढ्या बांधणारे, वाहणारे, मळणीयंत्रात घालणारे असे सारेच हात निरुपयोगी ठरले.

पुढे महायुद्धात पोलाद दुर्मिळ झाले आणि माणसेही. तेव्हा मॅसी-हॅरिस कंपनीच्या जो टकर यांनी सरकारकडून 500 जादा यंत्रे बांधण्याची अनुज्ञा मिळविली. ट्रॅक्टरने ओढावे न लागणारे हे यंत्र घेणाऱ्याने किमान 2000 एकर कापून द्यावे, अशी अट होती. 1944 च्या त्या एका हंगामात या यंत्रांनी 10 लाख एकरांहून अधिक पीक कापले. सुगीची घाई पूर्वीचीच राहिली. तिचे मोल मात्र आता यंत्राच्या धन्याकडे जाऊ लागले. तो एकरामागे दर ठरवतो आणि चालकांस पगारावर ठेवतो.

आजही हे तांडे दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात. चालकांत दक्षिण आफ्रिकेतून हंगामी परवान्यावर आलेले तरुण पुष्कळ असतात. त्यांचा मुक्काम सहसा तांड्याबरोबर ओढून नेलेल्या चाकांवरच्या घरांत असतो. निवासाची सोय मालकाने विनामूल्य केली पाहिजे, असे त्या परवान्याच्या अटींत आता लिहिलेले आहे.