प्लंबरचा परवाना स्वतःच्या नावावर: सातारा-सांगलीच्या तरुणांसाठी माहिती

सातारा, कराड, सांगली, मिरज या शहरांत नळाचे आणि ड्रेनेजचे काम करणाऱ्यांत आपल्या वस्त्यांतील तरुण भरपूर आहेत. चर ते खणतात, पाइप ते जोडतात, चेंबरचे झाकणही तेच उचलतात. नळजोडणीच्या अर्जावर मात्र सही दुसऱ्याची असते, कारण परवाना दुसऱ्याच्या नावावर असतो. घरमालक पैसे त्या सहीवाल्याला देतो आणि तो आपल्या पोराला दिवसाची हजेरी देतो. दहा-दहा वर्षे काम करूनही अनेकांच्या हातात एक कागद नसतो. हा कागद कसा मिळतो, कसा टिकवायचा आणि तो मिळाला की पुढे काय करता येते, याची माहिती आम्ही येथे देत आहोत. विहारात, अभ्यासिकेत आणि कार्यकर्त्यांच्या बैठकीत ही वाचून दाखवावी.

सातारा जिल्ह्यात पाण्याचा विषय निघाला की बाबासाहेबांचा बालपणीचा प्रवास आठवल्याशिवाय राहत नाही. १९०१ साली ते आपल्या भावंडांसह साताऱ्याहून निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरून बैलगाडीने वडिलांकडे गेले. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावरच्या तलावावर रोखपाल होते. मुलांजवळ जेवण होते, पण रात्रभर त्यांना कोणी पाणी दिले नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. बाप तलावाच्या कामावर आणि लेकरे तहानलेली! आज घरोघरी पाणी पोहोचवणाऱ्या कामात आपली पोरे आहेत. ती तिथे मजूर म्हणून राहणार की कंत्राटदार म्हणून, हा आमचा प्रश्न आहे.

परवाना कोण देतो?

इथे पहिला घोटाळा होतो. ‘प्लंबिंगचे लायसन’ म्हणून एकच एक सरकारी कागद नसतो. तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे स्थानिक संस्थेचा प्लंबर परवाना. महानगरपालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या जलवाहिनीवर जोडणी घेणे, इमारतीची ड्रेनेज लाइन टाकून ती गटाराला जोडणे, त्या कामाचे दाखले देणे, ही कामे परवानाधारकाच्या नावाने होतात. महानगरपालिकांसाठी १९४९ चा अधिनियम आहे. नगरपरिषदा आणि नगरपंचायती १९६५ च्या अधिनियमाखाली आणि आपल्या उपविधींप्रमाणे चालतात. दुसरी गोष्ट म्हणजे सरकारी कामांसाठीची कंत्राटदार नोंदणी. ती सार्वजनिक बांधकाम विभाग, जीवन प्राधिकरण, जिल्हा परिषद यांच्याकडे होते. तिसरी म्हणजे धंद्याचे कागद: पॅन, उद्यम नोंदणी, दुकाने अधिनियमाखालची सूचना, उलाढाल वाढली की जीएसटी. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. तिच्यासाठी कोणी पैसे मागितले, तर ते त्याच्या टायपिंगचे असतात, सरकारचे नव्हेत.

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे येऊ. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून ९ फेब्रुवारी १९९८ रोजी एकच महानगरपालिका झाली. त्यामुळे या तिन्ही गावांसाठी अर्ज एकाच संस्थेकडे जातो. पण विटा, तासगाव, आष्टा येथे वेगळ्या नगरपरिषदा आहेत. सांगलीचा परवाना तिथे दाखवून जोडणी मिळत नाही, तिथे वेगळा अर्ज करावा लागतो.

साताऱ्यात आणखी एक गुंता आहे. शहराचा काही भाग नगरपरिषदेच्या कास आणि शहापूर योजनांच्या पाण्यावर आहे, तर काही भागाला आणि उपनगरांना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचे पाणी येते. २०२० मध्ये हद्दवाढ झाली आणि शाहूपुरी, विलासपूर यांसारखे भाग नगरपरिषदेत आले. पण पालिकेची हद्द वाढली म्हणून पाणी देणारी संस्था लगेच बदलत नाही. घरपट्टी एकाची आणि पाणीबिल दुसऱ्याचे, असे घर तुम्हाला सापडेल. म्हणून काम घेण्यापूर्वी घरमालकाचे पाणीबिल पाहा. बिलावर ज्या संस्थेचे नाव आहे, तिची परवानगी जोडणीला लागते. ड्रेनेजची परवानगी मात्र नगरपरिषदेकडे मागावी लागते.

कराड, वाई, फलटण, मलकापूर इथेही ज्याच्या-त्याच्या नगरपरिषदेकडेच जायचे. कराडजवळचे मलकापूर तर चोवीस तास मीटरने पाणी देण्यासाठी देशभर ओळखले गेले. मीटरच्या गावात प्लंबरची जबाबदारी वाढते, कारण गळणाऱ्या प्रत्येक थेंबाचे बिल येते. औद्योगिक वसाहतीत पाणी औद्योगिक विकास महामंडळाचे असते, तेव्हा विचारणा महामंडळाच्या कार्यालयात करावी.

पात्रता आणि कागदपत्रे

सर्वांत सरळ वाट आयटीआयची आहे. ‘नळ कारागीर’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे. दहावी नापास मुलालाही त्यासाठी अर्ज करता येतो, हे आपल्या वस्तीत अजून पुष्कळांना माहीत नाही. उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते आणि ते बाहेरही चालते.

ज्यांचे वय आयटीआयच्या बाकावर बसण्याचे राहिले नाही, पण हातात पंधरा वर्षांचे काम आहे, त्यांच्यासाठी पूर्वानुभवाला मान्यता देणारी चाचणी असते. काम करून दाखवायचे, तोंडी उत्तरे द्यायची आणि प्रमाणपत्र घ्यायचे. मात्र प्रत्येक पालिका कोणते प्रमाणपत्र ग्राह्य धरते, हे आधी पाणीपुरवठा विभागात लेखी विचारून घ्या. आधी फी भरून मग विचारू नका.

अर्जासोबत साधारणपणे शैक्षणिक आणि ट्रेडचे प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो आणि पालिकेची थकबाकी नसल्याचा दाखला लागतो. शुल्क आणि अनामत रक्कम ती संस्था आपल्या ठरावाने ठरवते, म्हणून गावोगावी ती वेगळी असते. गल्लीतला माणूस सांगेल तो आकडा खरा धरू नका. खिडकीवर पावती मिळते तेवढीच रक्कम शुल्क समजा.

अनुभवाच्या दाखल्यावर बहुतेकांचे घोडे अडते. ज्याच्या हाताखाली दहा वर्षे काढली तो परवानाधारक दाखला द्यायला कां-कू करतो, कारण उद्या हा आपलाच स्पर्धक होणार. यावर उपाय कामाला लागल्या दिवसापासून करायचा असतो. कुठे, कोणाकडे, किती दिवस काम केले याची वही ठेवा. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. वय १८ ते ६० आणि वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम, ही तिची अट आहे आणि प्लंबिंगचे काम त्यात येते. तिचे नूतनीकरण करत राहिलात, तर तुम्ही याच धंद्यात आहात याची सरकारी नोंद तयार होते, शिवाय मंडळाच्या योजना मिळतात त्या वेगळ्याच.

कागद जपण्याबद्दल सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पेटीतले कागद भिजले की दुसरी प्रत काढायला किती चकरा माराव्या लागतात, हे नदीकाठच्या वस्त्यांनी भोगले आहे. प्रमाणपत्रे डिजिलॉकरमध्ये ठेवा आणि परवान्याचा स्वच्छ फोटो घरातल्या दोन मोबाइलवर असू द्या.

चाचणीत काय विचारतात?

काही ठिकाणी तोंडी किंवा प्रात्यक्षिक चाचणी घेतली जाते. हाताने रोज करतो तेच शब्दांत सांगता येत नाही, म्हणून आपली मुले तिथे अडखळतात. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा नववा भाग प्लंबिंगचाच आहे. तो सगळा पाठ करण्याची गरज नाही, पण पुढच्या गोष्टी तोंडावर असाव्यात.

घरगुती वापरासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. पाच माणसांच्या घराला ६७५ लिटर झाले, यावरून टाकी किती मोठी हवी ते सांगता आले पाहिजे. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी उभे राहिले पाहिजे, नाहीतर गटारातला वायू घरात येतो. १०० मिलिमीटरच्या ड्रेनेज पाइपला ४० ला १ आणि १५० च्या पाइपला ६० ला १ असा उतार धरण्याची रीत आहे. पिण्याच्या पाण्याची लाइन आणि मैल्याची लाइन एकमेकींना ओलांडत असतील, तर पिण्याची वर हवी. टाकीत पाणी सोडणाऱ्या पाइपचे तोंड ओव्हरफ्लोच्या वर हवे, म्हणजे टाकीतले पाणी उलटे लाइनमध्ये शिरत नाही. नळाला थेट मोटर लावून पाणी ओढणे हा गुन्हा का मानतात, हेही विचारतात. उत्तर असे की मोटरच्या ओढीने शेजाऱ्याचे पाणी कमी होते आणि गळक्या जोडातून बाहेरची घाण आत खेचली जाते.

पूरपट्ट्यात काम करणाऱ्याला एक प्रश्न हमखास येऊ शकतो: गटार तुंबले तर पाणी संडासातून घरात का येते आणि काय करावे? बाहेरच्या लाइनवर उलटे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवावा आणि त्याची साफसफाई करता येईल असा चेंबर ठेवावा, हे उत्तर पाठ असू द्या.

अर्ज अडला तर

‘प्लंबर परवाना’ आणि ‘प्लंबर परवाना नूतनीकरण’ या दोन्ही सेवा नगरविकास विभागाने लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित केलेल्या आहेत. म्हणजे साहेबांची मर्जी हा इथे विषयच नाही. सेवा किती दिवसांत द्यायची, कोणता अधिकारी देणार, शुल्क किती, हे कार्यालयात फलकावर लावणे बंधनकारक आहे. तो फलक वाचा, त्याचा फोटो काढा. अर्जाची पोच आणि अर्ज क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘ठेवून जा, बघतो’ याला पोच म्हणत नाहीत.

मुदत संपली किंवा अर्ज नाकारला, तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते. नाकारल्याची कारणे लेखी मागा. पहिल्या अपिलाने समाधान झाले नाही, तर दुसरे अपील आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग आहे. पुरेशा कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. आमच्या मते मोर्चाआधी हे अपील करावे. पाच-सहा तरुणांचे अर्ज एकाच आठवड्यात, पोच घेऊन दाखल झाले, की कार्यालयाची भाषा बदलते. अर्ज लिहून देणे, तारखा वहीत मांडणे आणि मुदत संपली की अपील टाकणे, एवढे काम तालुक्याच्या एका कार्यकर्त्याने अंगावर घेतले तरी पुष्कळ होईल.

नूतनीकरण

परवाना मिळवण्यापेक्षा तो टिकवण्यात आपली माणसे जास्त मार खातात. मुदत परवान्यावरच लिहिलेली असते. अनेक संस्थांत ती आर्थिक वर्षाला बांधलेली असते आणि ३१ मार्चला संपते. मार्चअखेर पालिकेत वसुलीची धावपळ असते, तेव्हा फेब्रुवारीतच अर्ज द्यावा. उशीर झाला तर विलंब शुल्क लागू शकते. फार उशीर झाला तर नव्याने अर्ज करण्याची पाळी येऊ शकते. मधल्या काळात तुमच्या सहीचे नळजोडणीचे अर्ज अडतात आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाते.

नूतनीकरणाच्या वेळी जुना परवाना, शुल्काची पावती आणि थकबाकी नसल्याचा दाखला लागतो. आधीच्या कामांबद्दल तक्रार प्रलंबित असेल तर तिचाही निकाल लावावा लागतो. रस्ता खोदून तो पूर्ववत न केल्याची तक्रार नेहमीची असते. पत्ता किंवा मोबाइल बदलला असेल तर तो याच वेळी दुरुस्त करून घ्या.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहितो. परवाना मिळाल्यावर कोऱ्या अर्जांवर सह्या करून त्या विकण्याचा मोह होतो. जोडणी बेकायदा निघाली किंवा पिण्याच्या लाइनमध्ये मैला मिसळला, तर कागदावर नाव तुमचे असते. शिवाय ज्या व्यवस्थेने आपल्याला हजेरीवर ठेवले, तीच आपण दुसऱ्या गरिबावर चालवायची का?

चेंबरमध्ये माणूस उतरवू नका

परवानाधारक झालात की हाताखालच्या माणसाची जबाबदारी कायद्याने आणि माणुसकीने तुमच्यावर येते. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा त्या वर्षी ६ डिसेंबरला लागू झाला. गटारात किंवा सेप्टिक टाकीत सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणे हा त्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी गटारातील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. ‘जरा उतरून बघ’ असे सांगणाऱ्या घरमालकाला पालिकेची सक्शन गाडी बोलवायला सांगा. टाकीतला वायू डोळ्यांना दिसत नाही आणि आत पडलेल्याला काढायला उतरलेलाही दगावतो.

भांडवल आणि मोठी कामे

परवान्याचा निकष जात नाही. जातीचा दाखला लागतो तो कर्जासाठी. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे. त्याच्या बीज भांडवल योजनेत महामंडळाचा वाटा, बँकेचे कर्ज आणि अर्जदाराची छोटी रक्कम एकत्र येते. थ्रेडिंग मशीन, प्रेशर टेस्ट पंप, ड्रिल यांसाठी असे कर्ज मागता येते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. मात्र शाळेच्या दाखल्यावर फक्त ‘बौद्ध’ लिहिलेले असेल, तर वडील-आजोबांच्या १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या नोंदी शोधून ठेवाव्या लागतात. कर्जाच्या घाईत ही शोधाशोध होत नाही, ती आधीच करा.

सरकारी कामे घ्यायची असतील, तर बांधकाम विभागाची किंवा जीवन प्राधिकरणाची नोंदणी, डिजिटल सही आणि ई-निविदेची माहिती हवी. एकट्याला हे जड जाते. छोट्या कामांच्या वाटपात मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांचा वेगळा हिस्सा असतो. आपल्यातला एखादा डिप्लोमा झालेला मुलगा आणि चार परवानाधारक प्लंबर एकत्र आले, तर गावातल्या पाणीयोजनेची दुरुस्ती त्यांच्या आवाक्यात येते. गावपातळीवर जलजीवन मिशनच्या योजनांना देखभालीचे हात लागतात. त्यासाठी ‘नल जल मित्र’ प्रशिक्षणाची चौकशी ग्रामपंचायतीत आणि जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात करावी.