कोरड्या मुलखातील मौन : 'विदास सेकास', कादंबरी आणि चित्रपट

ब्राझीलच्या 'सिनेमा नोवो' या चळवळीची चर्चा बहुधा इटालियन नववास्तववादापासून सुरू होते. स्टुडिओशी फारकत, प्रत्यक्ष स्थळी चित्रण, दरिद्री माणसांचे जीवन ही साम्ये उघड आहेत आणि नेल्सन पेरेरा दोस सांतोस यांनी हे ऋण मान्यही केले आहे. परंतु त्यांच्या 'विदास सेकास' (1963) या चित्रपटातील मौनाचा उलगडा या ऋणाच्या हिशेबातून होत नाही. त्यासाठी ब्राझीलमध्ये पोर्तुगीज भाषा कोणाच्या मालकीची होती, या प्रश्नाकडे वळावे लागते.

चित्रपटाचा आधार असलेली ग्रासिलियानो रामोस यांची त्याच नावाची कादंबरी 1938 मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी, 1936 मध्ये, वार्गास राजवटीने रामोस यांना कोणताही खटला न चालवता तुरुंगात टाकले होते. कादंबरीची 13 प्रकरणे सुट्या कथांसारखी वाचता येतात. काही तशीच आधी छापलीही गेली होती. ईशान्य ब्राझीलच्या सेर्ताओ या अवर्षणग्रस्त प्रदेशात फाबियानो हा गुराखी, त्याची बायको सिन्या वितोरिया, दोन निनावी मुले आणि बालेया ही कुत्री दुष्काळातून वाट काढत एका ओसाड गुरेवाड्यावर येतात, पाऊस पडतो तोवर टिकतात आणि पुन्हा दुष्काळ पडताच निघून जातात. (बालेया म्हणजे देवमासा, पाण्याचा टिपूस नसलेल्या मुलखात हे नाव!) ही माणसे क्वचितच बोलतात. शिकल्यासवरल्या तोमासचे जड शब्द फाबियानोला मोह घालतात आणि त्याच वेळी त्यांची त्याला भीतीही वाटते.

कादंबरी मात्र मुकी नाही. मुक्त अप्रत्यक्ष निवेदनाच्या द्वारे रामोस या माणसांच्या मनात शिरतात आणि तेथला गोंधळ काटेकोर, नितळ गद्यात मांडतात. फाबियानोचे विचार त्याचे असतात, शब्द मात्र त्याचे नसतात. लेखक आणि पात्र यांच्यातील हे अंतर हाच कादंबरीचा खरा नैतिक ताण होय.

चित्रपटाने निवेदक काढून टाकला. पार्श्वनिवेदनाचा सोपा मार्ग दोस सांतोस यांनी पत्करला नाही, आणि येथेच माध्यमांतर हे निव्वळ माध्यमांतर राहत नाही. बैलगाडीच्या चाकाची करकर हेच आरंभीचे संगीत. लुइस कार्लोस बार्रेतो आणि जोझे रोझा यांचे छायाचित्रण उन्हाला सौम्य करणारी गाळणी वापरत नाही. पडदा पांढरा होऊन डोळ्यांना झोंबतो. पावसाच्या रात्री नवरा-बायको एकाच वेळी बोलत राहतात आणि दोघांपैकी कोणीच दुसऱ्याचे ऐकत नाही. थोरल्या मुलाला 'नरक' हा शब्द कानी पडतो. अर्थ विचारला म्हणून त्याला मार बसतो. मग तो भोवतालच्या रखरखीत जमिनीकडे पाहत तोच शब्द पुटपुटत राहतो. कादंबरीत मुलाची निराशा वाचकाला निवेदक सांगतो. येथे शब्दाला अर्थ मिळतो तो केवळ दृश्यातून.

शब्दांची ही टंचाई आर्थिक आहे. सिन्या वितोरियाने घरी केलेला हिशेब मालकाच्या वहीशी जुळत नाही. फरकाला मालक 'व्याज' म्हणतो. फाबियानोकडे या शब्दाला उत्तर नाही आणि अखेर तोच माफी मागतो. 1891 च्या प्रजासत्ताक संविधानाने निरक्षरांना मतदानाबाहेर ठेवले होते. तो अधिकार त्यांना 1985 मध्ये मिळाला. चित्रपट निघाला तेव्हा असे लाखो फाबियानो कायद्याच्या दृष्टीनेही मुकेच होते.

कादंबरीत तारखा नाहीत. चित्रपट मात्र 1940 आणि 1942 ही साले देतो, म्हणजे कादंबरी छापून झाल्यानंतरची. आरंभीचे लेखी निवेदनही स्पष्ट करते की हे केवळ एका अभिजात कृतीचे रूपांतर नसून 2 कोटी 70 लाख ईशान्यवासीयांच्या आजच्या दैन्याची साक्ष आहे. 'आज' म्हणजे पेर्नांबुकोत 1955 पासून वाढलेल्या शेतकरी संघांचा आणि जमीनसुधारणेच्या मागणीचा काळ. चित्रपटातील भर या संदर्भात वाचली पाहिजे. फाबियानो कोठडीत मार खाऊन पडला असताना गावात 'बुंबा-मेऊ-बोई' हे बैलाचे लोकनाट्य चाललेले असते. गुरे राखणारा आत आणि बैलाचा खेळ मालकाच्या समोर, हा छेद लोकरंगाची हौस म्हणून आलेला नाही. कादंबरीत बंडखोरांच्या टोळीत सामील होण्याचा विचार फाबियानोच्या मनात डोकावतो. चित्रपटात बंदूकधारी माणूस प्रत्यक्ष भेटतो, संधी देतो, आणि फाबियानो ती नाकारतो. हा नकार चित्रपट ना गौरवतो, ना धिक्कारतो. 1963 च्या घोषणाबाजीत इतका संयम दुर्मिळ होता. त्याच सेर्ताओवर बेतलेल्या ग्लाउबेर रोशा यांच्या 'देऊस ए ओ दियाबो ना तेर्रा दो सोल'मधील (1964) आवेशाशी तुलना केली की तो जाणवतो.

(दुष्काळाचे चित्रण काही सुखासुखी झाले नाही. पहिल्या प्रयत्नात बाहिया प्रांतातील जुआझेइरोजवळ चित्रपथक पोचले आणि पाऊस पडून माळ हिरवा झाला. तेव्हा 'मांदाकारू वेर्मेल्यो' हा वेगळाच चित्रपट करून ते परतले.)

दोन्ही चित्रपट मे 1964 मध्ये कान महोत्सवात स्पर्धेत होते. त्याच्या महिनाभर आधी लष्कराने जुआंव गुलार्त यांचे सरकार उलथवले होते आणि जमीनसुधारणेचा विषय संपला होता. कान येथे मात्र वाद पेटला तो कुत्रीवरून. फाबियानो आजारी बालेयाला गोळी घालतो ते दृश्य पाहून तिला खरोखरच मारले असावे अशी समजूत पसरली. शेवटी ती जिवंत असल्याचे दाखवण्यासाठी तिला विमानाने फ्रान्सला आणावे लागले.