इतिहासांतील उपपत्ति आणि तिची उपाधि

कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं इ. स. 1924 त ‘महिकावतीची बखर’ प्रसिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेंत त्यांनीं येथील राज्यांतरांची एक उपपत्ति बसविली आहे. ती थोडक्यांत अशी : देशांत अन्न विपुल, म्हणून सामान्य जन राजसत्तेविषयीं उदासीन, म्हणून परकीयांस राज्य करणें सुलभ. तुटक कागद एका सूत्रांत ओंवणारी ही उपपत्ति असामान्य बुद्धीची आहे, हें आम्हीं प्रथमच नमूद करतों. तथापि तिला कसोटीस लावणें हाच राजवाड्यांचा खरा आदर होय.

कसोटीस दूर जावयास नको. आम्हीं जेथें बसून हें लिहीत आहों तें वालीव वसई प्रांतांतलेंच. आज येथें कारखान्यांचे गाळे दिसतात. पूर्वीचा हा मुलूख भाताचा. इ. स. 1534 त गुजराथच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली, आणि त्यांचा अंमल दोनशें पांच वर्षें टिकला. येथवर उपपत्ति जुळते. परंतु पुढें गंगाजी नाईक अंजूरकर यांच्यासारखे स्थानिक पुढारी पेशव्यांस मिळाले, 1737 त मोहीम सुरू झाली, आणि 1739 च्या मे महिन्यांत चिमाजीआप्पांनीं वसई घेतली. पाऊस तोच, भातही तेंच. मग उदासीनता कोठें गेली? जें कारण बदललें नाहीं, तें एकटें बदलाचें कारण होऊं शकत नाहीं.

न्यायशास्त्रांत यास उत्तर आहे. अग्नि असेल तेथें धूर असतोच असें नाहीं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. धुरास ओल्या इंधनाचा संयोग लागतो, ती उपाधि. तशीच अन्नवैपुल्यासही उपाधि हवी. आमच्या मतें ती ही : राजसत्तेनें देवास व वतनास हात लावूं नये. पोर्तुगीजांनीं देवळें पाडलीं, हिंदूंच्या उघड धर्मविधींस बंदी केली. तेथें उपाधि सुटली आणि उदासीनताही सुटली. म्हणजे राजवाड्यांची उपपत्ति खोटी ठरत नाहीं, मर्यादित होते.

ही मर्यादा तर्कानें सुचते; ठरते मात्र कागदानें. म्हणून संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, वतनाचा तंटा, देवस्थानाची कैफियत असा एखादा कागद प्रचलित उपपत्तींत बसत नाहीं म्हणून बाजूस टाकूं नये. तोच आधीं छापावा.