झोपण्याआधी संगणक काय टाकून देतो?

आजचा विषय वरवर कोरडा वाटेल, म्हणून आधी माझी एक फजिती सांगतो.

साल २००७. मी हैदराबादला नोकरीला होतो. रेल्वेतून निवृत्त झालेले माझे काका महिनाभर आमच्याकडे राहून सोलापूरला परत निघाले होते आणि मी त्यांना सोडायला चाललो होतो. गाडीत ते नोकरीतल्या आठवणी सांगत होते आणि मी समोर बसून लॅपटॉपवर उतरवून घेत होतो. लॅपटॉप जुना, ५१२ एमबी रॅमचा, त्यावर लिनक्स. बॅटरी संपत आली तेव्हा म्हटलं, हायबरनेट करू, घरी गेल्यावर इथूनच पुढे लिहू. पडदा काळा झाला, डिस्क थोडा वेळ घरघरली, आणि तेच पान पुन्हा समोर आलं. मी परत तोच आदेश दिला. परत तेच. तिसऱ्यांदा दिला आणि बॅटरीच गेली. त्याबरोबर दोन तासांचं लिखाणही गेलं.

घरी पोचल्यावर नोंदी तपासल्या. कारण साधं होतं: झोपायला जागा पुरली नव्हती. डिस्क वाचवायची म्हणून स्वॅपसाठी मी स्वतःच जेमतेम २५६ एमबी ठेवले होते. चूक माझीच. काकांनी नंतर सगळं पुन्हा सांगितलं, पण दुसऱ्यांदा सांगताना माणूस आटोपतं घेतो. गाडीतली रंगत त्यात नव्हती.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात राहिला. रॅममध्ये जे आहे ते डिस्कवर उतरवायचं आणि वीज बंद करायची, इतकंच तर काम आहे. मग ते इतकं अवघड का?

सुरुवातीला ते खरंच सोपं होतं. नव्वदच्या दशकातल्या अनेक लॅपटॉपमध्ये हे काम बायॉस करायचं. डिस्कवर त्यासाठी वेगळा भाग किंवा एक मोठी फाइल राखून ठेवायची आणि बायॉस अख्खी रॅम त्यात ओतायचं. त्यातलं काय कामाचं आणि काय केर, हे बायॉसला कळायचं कारणच नव्हतं. ते ज्ञान ऑपरेटिंग सिस्टीमकडे असतं. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे नवं प्रमाण आणलं आणि वीज सांभाळण्याची सूत्रं ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती यायला लागली. विंडोज २००० मध्ये हायबरनेशन ऑपरेटिंग सिस्टीमचंच काम झालं. लिनक्सच्या बाजूला १९९८ पासून गाबोर कुटी आणि पावेल माखेक यांनी 'सॉफ्टवेअर सस्पेंड' लिहायला घेतलं. ते २००२ मध्ये कर्नलच्या विकासशाखेत दाखल झालं.

आता खरी अडचण. डिस्कवर लिहायचं तर डिस्कचा ड्रायव्हर चालू हवा. तो चालू असला की रॅम बदलत राहते. म्हणजे ज्याचा फोटो काढायचा तो माणूसच कॅमेरा धरून हलतोय! यावर उपाय असा निघाला: आधी सगळे प्रोग्रॅम गोठवायचे, मग उपकरणं थांबवायची, इंटरप्ट बंद करायचे, आणि त्या निश्चल क्षणी रॅमची नक्कल रॅममध्येच करायची. मग उपकरणं पुन्हा जागी करून ती नक्कल सावकाश डिस्कवर लिहायची. आता मूळ रॅम बदलली तरी बिघडत नाही.

पण नक्कल ठेवायची कुठे? एका कपाटात वह्या आहेत, प्रत्येक वहीची नक्कल करायची आहे, आणि नकलाही त्याच कपाटात ठेवायच्या आहेत. मग मूळ वह्या अर्ध्या कपाटापेक्षा जास्त असून चालणारच नाही. माझ्या ५१२ एमबीत चार किलोबाइटची १,३१,०७२ पानं होती. त्यातली निम्मी तरी झोपण्याआधी रिकामी असणं भाग होतं. हायबरनेशनच्या आधी मेमरी मोकळी करावी लागते ती यासाठी.

मोकळं करताना कर्नल पानांची प्रतवारी करतो. काही पानं म्हणजे डिस्कवरच्या फाइलींच्या जशाच्या तशा प्रती असतात. मूळ डिस्कवर आहेच, त्यामुळे ती सरळ टाकून देता येतात. काही पानांत बदल झालेला असतो. ती आधी डिस्कवर लिहायची, मग सोडायची. तिसरी जात म्हणजे प्रोग्रॅमची स्वतःची सामग्री: माझं न साठवलेलं लिखाण त्यात होतं. तिला डिस्कवर घर नसतं, म्हणून तिची रवानगी स्वॅपमध्ये होते. आणि कर्नलची स्वतःची बरीचशी पानं अशी असतात की ती हलवताच येत नाहीत.

इथे माझी मेख होती. लिनक्स झोपेची नक्कलही स्वॅपमध्येच लिहायचा. म्हणजे रॅम मोकळी करायला जितकं सामान स्वॅपमध्ये ढकलावं, तितकी नकलेची जागा कमी होणार. गोदाम एक आणि गिऱ्हाइकं दोन. माझ्या २५६ एमबीत दोघांची सोय होईना, म्हणून कर्नल बेत रद्द करून मला परत तेच पान दाखवत होता. बिचारा इमानदारीने सांगत होता, जमत नाही.

सुरुवातीच्या काळात हे मोकळं करणं फार धसमुसळं होतं. कोडमधला आदेश साधारण असा: एका वेळी दहा हजार पानं सोड, प्रत्येक फेरीला पडद्यावर एक टिंब छाप, आणि काहीच सुटेनासं होईपर्यंत थांबू नको. टिंबांची रांग संपली की शेवटी एक उभी रेघ यायची. यात नक्कल छोटी व्हायची, पण जाग आल्यावर यंत्र कावरंबावरं झालेलं असायचं. ज्या खिडकीला हात लावावा तिचं सामान डिस्कवरून पुन्हा आणावं लागे. पहिली काही मिनिटं नुसती घरघर.

ऑस्ट्रेलियातल्या नायजेल कनिंगहॅम यांना हे पटत नव्हतं. त्यांच्या आवृत्तीने, जी पुढे 'टक्सऑनआइस' नावाने ओळखली गेली, वेगळी युक्ती काढली. फाइलींच्या प्रतींची पानं टाकायची नाहीत, आधी तीच डिस्कवर लिहून ठेवायची. मग रॅममधल्या त्यांच्या जागेवर उरलेल्या पानांची नक्कल करायची. कपाटाची अट मोडली! जवळजवळ सगळी रॅम जशीच्या तशी परत मिळायची. वापरणारे खूश होते, मात्र ही आवृत्ती मुख्य कर्नलमध्ये कधीच गेली नाही. वर्षानुवर्षं ती बाहेरून जोडावी लागली.

मुख्य कर्नलने मधला मार्ग धरला. २००६ मध्ये नकलेचा आकार ठरवायची सोय आली. न सांगता ५०० एमबी, आणि शून्य लिहिलं तर शक्य तितकी लहान. पुढे हा आकडा रॅमच्या साधारण दोन पंचमांश ठरला. २००९ मध्ये राफाऊ वीसोत्स्की यांनी रीतच बदलली: वेगळी झाडलोट करण्यापेक्षा हायबरनेशनने इतर कुणाहीसारखी जागा मागावी, म्हणजे मेमरी सांभाळणारी नेहमीची यंत्रणा आपोआप जागा करून देईल. कल्पना सुटसुटीत होती. तरी जुनी झाडलोट पुरती काढता आली नाही, कारण ती आधी केली नाही तर काही वेळा काम फारच रेंगाळायचं.

मग २०११ मध्ये क्रमाचा घोळ निस्तरावा लागला. तोवर सगळ्यांना आधी गोठवायचे आणि नंतर जागा मोकळी करायचे. पण एक्सएफएससारख्या फाइल यंत्रणांना जागा मोकळी करताना स्वतःच्याच कर्नल धाग्यांची मदत लागते, आणि ते धागे तर गोठलेले. गोदामाच्या रखवालदाराला झोपवायचं आणि मग त्याच्याकडेच किल्ली मागायची! यंत्र जागच्या जागी अडकून पडायचं. उपाय एका ओळीत सांगता येतो: आधी वापरणाऱ्याचे प्रोग्रॅम गोठवा, मग जागा मोकळी करा, आणि कर्नलचे धागे त्यानंतर गोठवा. तो क्रम सापडायला मात्र इतकी वर्षं गेली.

आणि आपण विंडोज वापरत असाल तर हे तुमच्याही घरात घडत असण्याची शक्यता आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण कर्नलचा भाग हायबरनेट होतो. तुमचं सगळं टाकून दिलं की नक्कल लहान होते आणि यंत्र लवकर उठतं. म्हणूनच काही बिघडलं की जाणकार 'शट डाउन नको, रीस्टार्ट कर' असं सांगतात. रीस्टार्टमध्ये कर्नल नव्याने सुरू होतो.

आज रॅम भरपूर आहे, डिस्क वेगवान आहेत. तरी झोपण्याआधीचा प्रश्न तोच आहे: काय पुन्हा मिळेल आणि काय मिळणार नाही? मिळेल ते टाका, मिळणार नाही ते आधी सांभाळा. कर्नल त्या दिवशी गाडीत हेच करायचा प्रयत्न करत होता. पहिल्यांदा पान परत आलं तेव्हा माझ्या हातात चार-पाच मिनिटं होती. तेवढ्यात मी फाइल सेव्ह करू शकलो असतो. मी ती पुन्हा पुन्हा झोपवण्यात घालवली.

काका आता नाहीत. त्यांच्या दुसऱ्यांदा सांगितलेल्या आठवणींची फाइल आहे, तीन ठिकाणी ठेवलेली. तुम्हीही आजचा भाग संपला की जे उघडं आहे ते आधी सेव्ह करा. पुढच्या भागात स्वॅपच्याच जन्मकथेकडे वळू. तोवर नमस्कार.